संख्याशास्त्राचा परदेशी प्रवेश : शक्यता किती, मोजावी कशी?

दिवाळीची सुट्टी संपत आली, की संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. अमेरिकेतील बहुतेक संख्याशास्त्र विभागांच्या अर्जांची मुदत डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या पूर्वार्धापर्यंत संपते. त्याआधी कोणत्या विद्यापीठांत अर्ज करायचे हे ठरवावे लागते आणि ते ठरविण्यासाठी आपल्याला प्रवेश मिळण्याची शक्यता किती, याचे काही एक उत्तर हाती असावे लागते. नवलाची गोष्ट अशी, की तीन ते पाच वर्षे शक्यता मोजण्याचेच शास्त्र शिकलेला हा विद्यार्थी स्वतःच्या प्रवेशाचा अंदाज बांधताना मात्र ते शास्त्र बाजूला ठेवतो. गेल्या वर्षी ओळखीच्या कोणाला कोठे प्रवेश मिळाला आणि सल्ला केंद्राने दिलेल्या यादीत कोणती नावे आहेत, एवढ्यावर त्याची भिस्त असते.

हा अंदाज चुकला तर त्याची किंमत मोजावी लागते. एका अर्जाचे शुल्क सर्वसाधारणपणे ७५ ते १२५ डॉलर असते. दहा ठिकाणी अर्ज करणाऱ्याचा केवळ अर्जांवरील खर्च लाखाच्या घरात जातो आणि जीआरई परीक्षेचे वीस हजारांहून अधिक रुपये त्यात धरलेले नसतात. पण खरी किंमत याहून मोठी असते. फाजील आत्मविश्वासाने केवळ अव्वल विभागांतच अर्ज केले तर वर्ष वाया जाते. उलट, स्वतःला कमी लेखून कर्जाच्या जोरावर कोठल्याही एम.एस.ला गेलेल्या विद्यार्थ्याला पुढे असेही कळून येते, की विद्यावेतनासह पीएच.डी.ची जागा किंवा देशातीलच उत्तम संस्थेतील प्रवेश त्याच्या आवाक्यात होता. म्हणून शक्यतेचा हा हिशेब नीट मांडणे आवश्यक ठरते.

एम.एस. आणि पीएच.डी. : हिशेब वेगळे

पहिली गल्लत येथेच होते. अमेरिकेत संख्याशास्त्राच्या पीएच.डी.साठी पदवीनंतर थेट अर्ज करता येतो आणि प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला बहुधा शिक्षणशुल्कात माफी व टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपच्या रूपाने विद्यावेतन मिळते. म्हणजे पीएच.डी.चा प्रत्येक विद्यार्थी हा विभागाच्या तिजोरीवरचा चार-पाच वर्षांचा भार असतो. साहजिकच जागा थोड्या असतात. नामांकित विभागांत दरवर्षी दहा-वीस विद्यार्थी दाखल होतात आणि त्यासाठी काही शे अर्ज आलेले असतात. एम.एस.चा विद्यार्थी मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःचे शुल्क स्वतः भरतो. त्यामुळे एम.एस.च्या जागा कितीतरी अधिक असू शकतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा संख्याशास्त्रातील एम.ए. अभ्यासक्रम अशा मोठ्या प्रवेशसंख्येसाठी ओळखला जातो. एकाच इमारतीत चालणाऱ्या या दोन अभ्यासक्रमांची प्रवेशाची शक्यता कित्येक पटींनी भिन्न असू शकते. ‘अमुक विद्यापीठात प्रवेश मिळाला’ या वाक्यावरून यांपैकी कोणता प्रवेश, हे कळत नाही आणि ऐकणाराही बहुधा विचारीत नाही.

जैवसंख्याशास्त्राचे, म्हणजे बायोस्टॅटिस्टिक्सचे विभाग हा तिसरा मार्ग होय. हार्वर्ड, जॉन्स हॉपकिन्स, वॉशिंग्टन (सिॲटल), मिशिगन, चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना अशा विद्यापीठांत हे विभाग सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेत असतात. तेथे गणिताची अट तुलनेने सौम्य असल्याने ते सोपे, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या विभागांतील काही विद्यावेतने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या प्रशिक्षण अनुदानातून दिली जातात आणि ती केवळ अमेरिकी नागरिक व तेथील कायम रहिवासी यांनाच मिळू शकतात. भारतीय अर्जदारासाठी एकूण जागांमधून या जागा वजा होतात. एकूण प्रवेशाचा दर वाचून हा भाग ध्यानात येत नाही.

बर्कलीची १९७३ सालची आकडेवारी

एकूण दर किती फसवा असतो, याचे संख्याशास्त्राच्या जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण प्रवेशांचेच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रॅज्युएट विभागांत १९७३ सालच्या शरद सत्रासाठी ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. वरवर पाहता हा उघड पक्षपात दिसत होता. तेथीलच संख्याशास्त्रज्ञ पीटर बिकेल यांनी हॅमेल व ओ’कॉनेल या दोघांच्या सोबतीने विभागवार आकडे तपासले आणि १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. विभागवार पाहिल्यावर तो पक्षपात जवळजवळ नाहीसा झाला. इतकेच नव्हे, तर थोडासा कल स्त्रियांच्या बाजूने दिसला.

हे कसे घडले? सर्वांत मोठ्या सहा विभागांचे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत आले, ते विभागांची नावे झाकून. त्यांतील ‘ए’ विभागात ८२५ पुरुषांनी अर्ज केले होते व त्यांतील ६२ टक्क्यांना प्रवेश मिळाला. त्याच विभागात अर्ज करणाऱ्या स्त्रिया केवळ १०८ होत्या व त्यांतील ८२ टक्के निवडल्या गेल्या. ‘ई’ विभागात याच्या उलट स्थिती होती. तेथे स्त्रियांचे अर्ज ३९३ आणि पुरुषांचे १९१ होते आणि प्रवेशाचे प्रमाण स्त्रियांत २४ टक्के, तर पुरुषांत २८ टक्के एवढेच होते. थोडक्यात, जेथे प्रवेश कठीण तेथे स्त्रियांनी अधिक संख्येने अर्ज केले होते. सर्व विभागांची बेरीज करताच चित्र पालटले. संख्याशास्त्राचे विद्यार्थी हा प्रकार ‘सिम्प्सनचा विरोधाभास’ या नावाने परीक्षेसाठी पाठ करतात.

अर्ज भरताना हेच उदाहरण उपयोगी पडते. विद्यापीठाचा एकूण प्रवेश दर अर्जदाराला काहीही सांगत नाही. विभागाचा दर हवा. विभागाच्या दरातही एम.एस. व पीएच.डी. वेगळे करून हवे आणि पीएच.डी.मध्येही परदेशी अर्जदारांचे प्रमाण हवे. काही विद्यापीठे अशी माहिती स्वतःहून देतात. ड्यूक विद्यापीठाची ग्रॅज्युएट स्कूल पीएच.डी.च्या प्रत्येक विभागात किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश देऊ केला आणि किती जण प्रत्यक्ष दाखल झाले, याचे वर्षवार आकडे संकेतस्थळावर ठेवते. हे आकडे वाचताना शेवटच्या दोन संख्यांतील फरक विसरू नये. बारा विद्यार्थी हवे असलेला विभाग तीस जणांनाही प्रवेश देऊ करतो, कारण त्यांतील अनेक जण अन्यत्र जाणार हे त्याला ठाऊक असते. वर्गात बारा जण आहेत म्हणून बारालाच अर्जांच्या संख्येने भागले, तर शक्यता निष्कारण निम्म्याहून कमी दिसते.

आपल्यासारखे किती?

मग आणखी बारकाईने पाहावे, असे कोणाही विचारी विद्यार्थ्याला वाटेल. भारतीय, त्यातही महाराष्ट्रातील विद्यापीठाचे, त्यातही आपल्याच महाविद्यालयाचे किती विद्यार्थी त्या विभागात गेले? येथे दुसरी अडचण उभी राहते. गट जितका आपल्यासारखा होत जातो, तितकी त्यातील माणसे कमी होत जातात आणि मोजलेल्या प्रमाणाला अर्थ उरत नाही.

समजा, एखाद्या महाविद्यालयातून गेल्या काही वर्षांत पाच जणांनी एका विभागात अर्ज केले आणि पाचांनाही नकार आला. तेथे ‘आपल्या कॉलेजला ते घेत नाहीत’ अशी समजूत रूढ होते. प्रत्यक्षात पाच नकारांवरून एवढेच म्हणता येते, की खरी शक्यता ४५ टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव कमी आहे. शक्यता ४५ टक्के असतानाही पाचही जण नाकारले जाण्याचा संभव सुमारे ५ टक्के उरतो; शक्यता २० टक्के असेल, तर पाच नकार हे तिघांपैकी एका वेळी केवळ योगायोगानेच यावेत. पाच जणांच्या अनुभवावरून दार बंद ठरविणे ही चूक आहे. त्याचप्रमाणे गेल्या वर्षी एकाला प्रवेश मिळाला म्हणून दार उघडे समजणे हीही तितकीच चूक आहे.

यावर व्यवहारी तोडगा असा, की सुरुवात मोठ्या गटाच्या दरापासून करावी आणि मग आपल्या अर्जातील ठळक गोष्टींनुसार तो थोडा वर किंवा खाली सरकवावा. विभागाचा एकूण पीएच.डी. दर आठ टक्के असेल, तर परदेशी अर्जदार म्हणून तो पाच-सहावर आणावा, गणिताची तयारी भक्कम असेल तर पुन्हा वर न्यावा. यात अचूकता नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण आपली शक्यता पाच टक्के आहे की पन्नास, एवढे यातून निश्चित कळते आणि अर्जांची यादी करण्यासाठी तेवढे पुरेसे असते. ‘अर्ज चांगला आहे, बघू या’ या वाक्यातून यांपैकी काहीच कळत नाही.

निवड समिती काय वाचते?

दर वर सरकवावा की खाली, हे ठरविण्यासाठी निवड समितीच्या टेबलावर काय जाते हे ठाऊक हवे. अमेरिकेत ही निवड विभागातील प्राध्यापकांची समिती करते. सामायिक प्रवेश परीक्षेतील क्रमांकाने ती होत नाही. आपल्याकडील विद्यार्थ्याला हे पचनी पडणे अवघड जाते, कारण दहावीपासून त्याला गुणवत्ता यादीची सवय असते.

जीआरईला आपल्याकडे मिळते तेवढे महत्त्व तेथे क्वचितच मिळते. या परीक्षेच्या गणिती भागात १७० पैकी १७० गुण मिळविणारे अर्जदार संख्याशास्त्राच्या विभागांना नवे नाहीत. जेथे बहुतेकांचे गुण कमाल मर्यादेला टेकलेले असतात, तेथे त्या गुणांवरून निवड करता येत नाही. १६० गुण असल्यास शंका निर्माण होते, १७० असल्यास केवळ ती शंका दूर होते. शिवाय २०२० सालच्या साथीनंतर अनेक विभागांनी ही परीक्षा ऐच्छिक केली, तर काहींनी तिचे गुण पाहणेच थांबविले. प्रत्येक विभागाचा नियम त्या-त्या वर्षी तपासावा लागतो.

गुणपत्रिकेत समिती प्रथम गणित शोधते. कॅल्क्युलस, रैखिक बीजगणित आणि विशेषतः रिअल ॲनालिसिस या विषयांतील श्रेणी पीएच.डी.साठी निर्णायक ठरतात, कारण पहिल्या वर्षातील सैद्धांतिक अभ्यासक्रमात विद्यार्थी टिकेल की नाही याचा तो सर्वांत चांगला पुरावा असतो. येथे महाराष्ट्रातील काही विद्यार्थी नकळत मागे पडतात. टी.वाय.बी.एस्सी.ला संख्याशास्त्र मुख्य विषय घेताना गणित मागे सुटते आणि गुणपत्रिकेवर ॲनालिसिसचे नावही नसते. संख्याशास्त्रात नव्वद टक्के गुण असूनही असा अर्ज ॲनालिसिसमध्ये सत्तर टक्के मिळविलेल्या अर्जापुढे फिका पडू शकतो. एम.एस.साठी हा निकष बराच सैल असतो. तेथे कॅल्क्युलस, रैखिक बीजगणित, संभाव्यता आणि ‘आर’ किंवा ‘पायथन’ या संगणकीय भाषांची ओळख एवढ्यावर सहसा भागते.

तीन वर्षांच्या पदवीचा प्रश्नही येथेच येतो. अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असल्याने काही विद्यापीठे केवळ तीन वर्षांची भारतीय बी.एस्सी. ग्राह्य धरीत नाहीत, काही धरतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार आलेल्या चार वर्षांच्या ऑनर्स पदवीमुळे ही अडचण पुढे कमी होईल. तूर्त तीन वर्षांची पदवी असलेल्याने अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाचा नियम वाचणे हाच मार्ग आहे. नियमात न बसणाऱ्या अर्जाची शक्यता शून्य असते आणि शुल्क परत मिळत नाही.

यानंतर येतात तीन शिफारसपत्रे. समितीच्या दृष्टीने यांचे वजन मोठे असते आणि नेमका येथेच आपल्याकडे हलगर्जीपणा होतो. पत्राचा मसुदा विद्यार्थ्यानेच लिहून आणायचा आणि सरांनी किंवा मॅडमनी त्यावर सही करायची, ही पद्धत अनेक महाविद्यालयांत अजून चालते. तीन पत्रांत तीच विशेषणे, तीच वाक्यरचना आणि तोच उत्साह आढळला, की शेकडो पत्रे वाचणाऱ्या समितीला ते ओळखायला वेळ लागत नाही. ‘मेहनती व हुशार’ या शब्दांना तेथे किंमत नाही. गेल्या दहा वर्षांत शिकविलेल्या विद्यार्थ्यांत हा विद्यार्थी पहिल्या तिघांत बसतो, अमुक प्रश्न त्याने स्वतंत्रपणे सोडविला, अशा तुलनेला आणि तपशिलाला आहे. प्राध्यापकाचा विभाग तेथे परिचित असेल, तर पत्राचे वजन वाढते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचा लाभ तेथील विद्यार्थ्यांना मिळतो, तो याच कारणाने. तेथून आलेल्या आधीच्या विद्यार्थ्यांची कामगिरी समितीने पाहिलेली असते, त्यामुळे तेथील श्रेणीचा अर्थ तिला लावता येतो. पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागालाही अशी परंपरा आहे. १९५३ साली सुरू झालेल्या या विभागाचे पहिले प्रमुख वि. श. हुजूरबाजार हे केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन करून आलेले होते.

उद्देशपत्राबद्दल, म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’बद्दल, फार लिहिण्याजोगे नाही. चांगल्या उद्देशपत्राने अर्ज थोडासाच वर जातो. मात्र लहानपणापासून आकड्यांची आवड होती, अशी सुरुवात करणाऱ्या पत्राने तो खाली जाऊ शकतो.

ऐकीव निकालांचा भरवसा

आपल्यासारख्या अर्जदारांचे निकाल कळले तर अंदाज सोपा होईल, हे खरे. पण कळतात ते निकाल कोणाचे? ज्याला प्रवेश मिळाला तो पेढे वाटतो, महाविद्यालयाच्या फलकावर त्याचे नाव लागते, सल्ला केंद्राच्या जाहिरातीत त्याचे छायाचित्र झळकते. आठ ठिकाणांहून नकार आलेला विद्यार्थी निमूटपणे नोकरी पत्करतो व त्याची नोंद कोठेच होत नाही. यशस्वी अर्जदारांचे गुण तेवढे समोर येतात आणि तेच गुण असलेले अयशस्वी अर्जदार दृष्टीआड राहतात.

या चुकीची आठवण करून देणारे एक नाव संख्याशास्त्रात अजरामर आहे. अब्राहम वाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी विमानांच्या नुकसानीचा अभ्यास करताना असे दाखविले, की परत आलेल्या विमानांवरील गोळ्यांच्या खुणा मोजून भागणार नाही. जी परत आलीच नाहीत त्यांचा विचार हिशेबात आणला पाहिजे. (याच वाल्ड यांचा १९५० साली, भारतातील व्याख्यान दौऱ्यात, निलगिरीच्या डोंगरात विमान अपघातात मृत्यू झाला.) प्रवेशाच्या बाबतीत याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. प्रवेश मिळालेल्याला ‘तुझे गुण किती होते’ असे विचारण्यापेक्षा विभागातील प्राध्यापकांना ‘गेल्या तीन वर्षांत किती जणांसाठी पत्रे लिहिली आणि त्यांतील किती जण गेले’ असे विचारावे. पत्र लिहिणाऱ्याला नकार आलेल्यांचीही आठवण असते.

सल्ला केंद्रांच्या यादीकडेही याच नजरेने पाहावे. ‘महत्त्वाकांक्षी’, ‘मध्यम’ आणि ‘हमखास’ अशा तीन रकान्यांत विद्यापीठे मांडण्याची त्यांची पद्धत सोयीची आहे. पण ‘हमखास’ या शब्दामागे किती टक्के धरले आहेत आणि ते कोणत्या आकड्यांवरून, हे विचारले असता उत्तर क्वचितच मिळते. काही केंद्रांना ठरावीक विद्यापीठांकडून प्रत्येक विद्यार्थ्यामागे मोबदला मिळतो. ज्या यादीत सारी नावे शुल्क भरून शिकण्याच्या एम.एस.ची आहेत आणि पीएच.डी.चा उल्लेखही नाही, ती यादी कोणाच्या हिताची आहे हे पालकांनी जरूर विचारावे.

आठ अर्जांची बेरीज

आता सर्वांत फसवा भाग. एका विद्यार्थ्याने आठ विभागांत अर्ज केले आणि प्रत्येक ठिकाणी शक्यता दहा टक्के आहे, असे धरू. सर्व आठ ठिकाणी नकार येण्याची शक्यता म्हणजे ०.९ चा आठवा घात, सुमारे ०.४३. म्हणजे किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता ५७ टक्के. हिशेब चोख आहे, पण आठही निर्णय परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच. ते तसे नसतात. आठही समित्या तीच गुणपत्रिका व तीच तीन पत्रे वाचतात. पत्र कमकुवत असेल तर ते आठही ठिकाणी कमकुवतच असते.

यासाठी हिशेब असा मांडून पाहावा. आपला अर्ज समित्यांना भक्कम वाटेल की सामान्य, हे विद्यार्थ्याला नक्की ठाऊक नाही. दोन्ही शक्यता समसमान आहेत. भक्कम वाटल्यास प्रत्येक ठिकाणी शक्यता १८ टक्के, सामान्य वाटल्यास २ टक्के. सरासरी पूर्वीप्रमाणेच दहा टक्के. पहिल्या स्थितीत आठांपैकी किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता सुमारे ८० टक्के येते, दुसऱ्या स्थितीत केवळ १५ टक्के. दोहोंची सरासरी ४७ टक्के. ५७ वरून ४७ वर येणे ही फार मोठी घसरण नव्हे. परंतु अर्ज सामान्य निघाला तर आठ काय आणि सोळा काय, त्याच पातळीच्या विभागांत अर्ज वाढवून फारसे हाती लागत नाही. सोळा अर्जांनीही शक्यता २८ टक्क्यांच्या आतच राहते.

म्हणून अर्जांची संख्या वाढविण्यापेक्षा त्यांतील विविधता वाढविणे श्रेयस्कर. सैद्धांतिक कल असलेले दोन-तीन विभाग, उपयोजित कामाचे दोन, जैवसंख्याशास्त्राचा एखादा, मध्यम क्रमांकाच्या सरकारी विद्यापीठांतील पीएच.डी.चे दोन आणि खर्च झेपेल अशा एम.एस.चे एक-दोन, अशी यादी एकाच पातळीवरच्या दहा नामांकित नावांपेक्षा अधिक सुरक्षित असते. आपला अर्ज भक्कम की सामान्य, हेही पूर्णपणे अंधारात ठेवण्याचे कारण नाही. पत्र देणाऱ्या प्राध्यापकांना तुलनेने आपण कोठे बसतो हे स्पष्ट विचारता येते. उत्तर ऐकण्याची तयारी मात्र हवी.

देशातील परीक्षा हाही आधार

या साऱ्या अनिश्चिततेच्या तुलनेत देशातील प्रवेशाचा अंदाज बांधणे पुष्कळच सोपे आहे. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी होणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. ती तीन तासांची, १०० गुणांची असून तिच्यावर कानपूर व मुंबई येथील आयआयटींसह अन्य संस्थांतील प्रवेश अवलंबून असतात. मागील वर्षी शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला, हे पाहून आणि जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून विद्यार्थ्याला आपली जागा बऱ्यापैकी कळते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.साठी वस्तुनिष्ठ आणि सविस्तर उत्तरांच्या अशा दोन लेखी प्रश्नपत्रिका व नंतर मुलाखत, अशी आजवरची पद्धत आहे. तेथील सविस्तर उत्तरांची जुनी प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याला त्याच्या गणिताच्या तयारीबद्दल जीआरईच्या कोणत्याही गुणांपेक्षा अधिक खरे सांगते.

या परीक्षांकडे परदेशी प्रवेश हुकल्यास धरण्याचा आधार म्हणून पाहिले जाते. तीन वर्षांची बी.एस्सी. केलेल्या, पीएच.डी.ची मनीषा असलेल्या विद्यार्थ्यासाठी क्रम उलटा लावणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरते. आधी पुणे किंवा मुंबई विद्यापीठात, आयआयटीत अथवा भारतीय सांख्यिकी संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, त्यात ॲनालिसिस व मेजर थिअरी भक्कम करावी, प्रबंधाच्या निमित्ताने एखाद्या प्राध्यापकाला आपले काम जवळून पाहू द्यावे आणि मग पीएच.डी.साठी अर्ज करावा. दोन वर्षे जातात, पण अमेरिकेतील दोन वर्षांच्या एम.एस.च्या खर्चाच्या अल्पांशात. पदवीच्या वर्षांचा प्रश्नही त्याने सुटतो. अर्थात, ज्याला संशोधन नको असून विदासंबंधी नोकरीच हवी आहे, त्याला हा सल्ला लागू नाही. त्याच्यासाठी एम.एस. हेच उद्दिष्ट असते आणि त्याचा प्रश्न प्रवेशाचा कमी, कर्जफेडीचा अधिक असतो.

जुने आकडे, नवी परिस्थिती

वर सांगितलेले सर्व दर गेल्या वर्षांचे असतात, ही शेवटची सावधगिरी. २०२५ साली अमेरिकी केंद्र सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावली आणि अनेक विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. काही ठिकाणी एखाद्या वर्षापुरते प्रवेश थांबविलेही गेले. याचा परिणाम सर्व विभागांवर सारखा झालेला नाही. ज्या संख्याशास्त्र विभागांची विद्यावेतने प्रामुख्याने पदवीच्या मोठ्या वर्गांना शिकविण्याच्या कामातून निघतात, त्यांना संशोधन अनुदानावर विसंबलेल्या विभागांपेक्षा कमी झळ पोहोचणे स्वाभाविक आहे. जैवसंख्याशास्त्राचे विभाग बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. अर्ज करण्यापूर्वी विभागाच्या प्रवेश कार्यालयाला ‘यंदा पीएच.डी.साठी किती विद्यार्थी घेण्याचा विचार आहे’ असे दोन ओळींचे ई-मेल पाठविण्यास हरकत नसते. अनेकदा सरळ उत्तर येते.

व्हिसा हा प्रवेशाहून वेगळा टप्पा आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या वेळा देणे काही आठवडे बंद होते आणि प्रवेश हाती असलेले विद्यार्थीही त्यामुळे खोळंबले. ज्यांनी देशातील प्रवेशाची जागा आधीच सोडून दिली होती, त्यांची अडचण सर्वांत मोठी झाली.

पीएच.डी.चे पहिले निकाल सर्वसाधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये कळू लागतात. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या संकेतानुसार विद्यावेतनासह देऊ केलेल्या प्रवेशाचे उत्तर देण्यास विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. त्याआधी निर्णयाची सक्ती विभागाला करता येत नाही. त्यामुळे उत्तम अर्जदार चार-पाच जागा हाती धरून बसतात आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या सोडतात. प्रतीक्षायादीत असलेल्यांची नावे त्याच दोन-चार दिवसांत पुढे सरकतात. यादीत नाव असल्यास मार्चअखेर विभागाला आपली इच्छा कायम असल्याचे कळवावे, नवी गुणपत्रिका आली असल्यास जोडावी आणि १५ एप्रिलच्या आसपास ई-मेल दिवसातून दोनदा पाहावी. भारतातील रात्र म्हणजे तेथील कामाचा दिवस असतो.